कोपऱ्यातला चौकोन आणि नंतरचे गुणपत्रक : ज्युनियर ग्रां प्रीचे मोफत प्रक्षेपण

आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना, म्हणजे आयएसयू, ज्युनियर ग्रां प्री ही फिगर स्केटिंगची मालिका आपल्या यूट्यूब वाहिनीवर मोफत दाखवते आणि स्पर्धा संपल्यावर प्रत्येक खेळाडूचे सविस्तर गुणपत्रक प्रसिद्ध करते. ही दोन्ही मिळून एकच सेवा आहे असे धरून मी हे परीक्षण लिहीत आहे. कुडाळ-मालवणकडे बर्फाचे रिंक नाही. इथल्या मुलांचे स्केटिंग म्हणजे सिमेंटच्या मैदानावरचे, चाकांचे. तरीही ज्या घरात एखादे मूल कलात्मक रोलर स्केटिंग शिकते त्या घराला ही सेवा फार मोलाची आहे, कारण सालकाव, फ्लिप, लुट्झ, अ‍ॅक्सेल या उड्या चाकांवरही त्याच नावांनी ओळखल्या जातात आणि तिथली आजची गुणपद्धतीही बर्फावरच्या पद्धतीच्याच वळणाची आहे.

प्रक्षेपणाचा सर्वात चांगला भाग म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातला छोटा चौकोन. उडी झाली की तिचे नाव आणि गुण तिथे उमटतात. हिरवा रंग म्हणजे पंचांना ती आवडली, लाल म्हणजे गुण कापले गेले, आणि पिवळा म्हणजे तांत्रिक पॅनेल (उडी कोणती आणि पूर्ण झाली का हे ठरवणारे तज्ज्ञ) ती पुन्हा तपासणार आहे. नवख्या प्रेक्षकाने आधी पिवळ्या रंगाकडे लक्ष द्यावे. त्या क्षणी दिसणारा आकडा तात्पुरता असतो, आणि खेळाडू बाकावर बसून निकालाची वाट पाहत असतो तेव्हा तोच आकडा खाली येऊ शकतो.

तो किती खाली येतो हे मात्र गुणपत्रकावाचून कळत नाही. प्रत्येक उडीची किंमत, म्हणजे मूळ गुण, आधीच एका तक्त्यात ठरलेली असते. अलीकडच्या मोसमांच्या तक्त्यात तिहेरी लुट्झला 5.9 मूळ गुण आहेत. उणे 5 ते अधिक 5 या मापावर पंचांनी सरासरी अधिक 2 दिले, तर प्रत्येक पायरीला मूळ गुणांच्या दहा टक्के या हिशेबाने ती उडी 7.08 गुणांची होते. तीच उडी पाव गिरकीपेक्षा जास्त, पण अर्ध्या गिरकीपेक्षा कमी अपुरी राहिली, तर मूळ गुणांच्या ऐंशी टक्केच, म्हणजे 4.72, हाती राहतात आणि पंचांची कपात त्यातून आणखी होते. अर्धी गिरकी किंवा त्याहून अधिक कमी पडली, तर ती दुहेरी लुट्झ धरली जाते आणि तिचे मूळ गुण केवळ 2.1 आहेत. प्रेक्षकाला या तिन्ही वेळा खेळाडू उभा राहिलेलाच दिसतो.

याचे सर्वात बोलके उदाहरण ज्येष्ठ गटातले आहे. 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युझुरू हान्यू याने चौपट अ‍ॅक्सेलचा प्रयत्न केला. तक्त्यात तिची किंमत 12.5 होती, गिरकी अपुरी ठरल्याने ती 10 वर आली, पडल्यामुळे पंचांनी उणे 5 दिले आणि उरले 5 गुण, शिवाय पडल्याचा एक गुण एकूण बेरजेतून वेगळा वजा झाला. स्वच्छ मारलेल्या तिहेरी अ‍ॅक्सेलला त्याच तक्त्यात नुसते मूळ गुणच 8 आहेत. हान्यू पदकाविना चौथा राहिला. नियमाने धाडसाला किती मोल द्यावे हा प्रश्न मला त्या गुणपत्रकामुळे खरा कळला, आणि माझे मत असे आहे की गिरकीची कपात योग्य आहे, परंतु पडण्याची शिक्षा पंचांच्या गुणांत आणि वजाबाकीत अशी दोनदा होणे जड आहे.

प्रक्षेपण उणे पडते ते उडीच्या सुरुवातीपाशी. लुट्झ पात्याच्या बाहेरच्या कडेवरून घ्यायची असते आणि फ्लिप आतल्या कडेवरून. कड चुकली तरी गिरकी तितकीच सुंदर दिसते, पण मूळ गुण ऐंशी टक्क्यांवर येतात. संथ गतीतल्या पुनर्दर्शनात बहुधा हवेतली उडी आणि उतरणेच दाखवले जाते. पाय उचलण्यापूर्वीचा क्षण, तोही मागच्या बाजूने, दाखवला तर शिकणाऱ्या मुलांना त्याचा कितीतरी उपयोग होईल.

पंचांविषयी गुणपत्रक जे सांगते ते अधिक महत्त्वाचे आहे. उडी कोणती आणि पूर्ण झाली की नाही हे तांत्रिक पॅनेल ठरवते. पंच तिला उणे 5 ते अधिक 5 यांपैकी गुण देतात. पंच जास्तीत जास्त नऊ असतात, सर्वात वरचा आणि सर्वात खालचा गुण वगळला जातो आणि उरलेल्यांची सरासरी घेतली जाते. प्रत्येक पंचाचा रकाना वेगळा छापलेला असतो. 2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधल्या जोडी स्केटिंगच्या निकालावरून वाद पेटला, दुसरे सुवर्णपदक द्यावे लागले, आणि त्यातूनच 6.0 पैकी गुण देण्याची जुनी पद्धत जाऊन ही पद्धत आली. तरीही कोणत्या पंचाने काय दिले हे बराच काळ झाकलेले होते. ती गुप्तता 2016 मध्ये संपली. आपल्याकडच्या भजन स्पर्धांत परीक्षकांचे कागद निकालानंतर मंडळांच्या हाती पडत नाहीत म्हणून जी कुजबुज होते, ती इथे आकड्यांवर बोट ठेवून करता येते. रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचे कौशल्य या तीन घटकांच्या गुणांत पंचांची मते कुठे फाकतात हे मी आवर्जून पाहतो, कारण उड्यांपेक्षा तिथे वैयक्तिक पसंतीला वाव जास्त असतो.

मोकळ्या कार्यक्रमात, म्हणजे दोन फेऱ्यांपैकी लांब फेरीत, शेवटच्या तीन उड्यांना दहा टक्के अधिक मूळ गुण मिळतात, म्हणून थकलेल्या पायांनी अवघड संयोग (एकापाठोपाठ जोडलेल्या उड्या) मारताना मुले दिसतात. 2018 च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये रशियाच्या अलिना झागितोव्हाने सगळ्या उड्या उत्तरार्धात ठेवून पुरेपूर लाभ घेतला होता. त्यानंतर शेवटच्या तीनच उड्यांची ही मर्यादा आली आणि कार्यक्रमांचा तोल सुधारला.

युरोपातल्या स्पर्धा आपल्याकडे रात्री उशिरापर्यंत चालतात आणि मालिकेचा बराचसा भाग पावसाळ्यात, चतुर्थीच्या आसपास येतो, तेव्हा वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा धरू नये. ध्वनिचित्रफिती नंतरही पाहता येतात. समालोचन इंग्रजीत असते, पण चौकोन आणि गुणपत्रक समजायला भाषेची फारशी अडचण येत नाही. पालकांनी एका खेळाडूचा कार्यक्रम निवडावा, गुणपत्रक छापून मुलाच्या हाती द्यावे आणि प्रत्येक उडीपाशी थांबून आधी त्यालाच गुण द्यायला सांगावे.