समुपदेशन कक्ष की रोजचा तास?

मुलांच्या मनाची काळजी समुपदेशकाकडे सोपवायची, की रोजच्या शिकवण्यातच ती घ्यायची? पुण्यातल्या कॉलेजांनी याचा विचार करायलाच हवा.

समुपदेशक हवाच. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना तो नेमायला सांगितलं, ते योग्यच झालं. पॅनिक अटॅक, जीव नकोसा वाटणं, हे हाताळणं प्राध्यापकाचं काम नव्हे. पण कक्षाचं दार मुलानं स्वतः उघडावं लागतं. नांदेडहून येऊन सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा मुलगा, कुणी पाहिलं तर काय म्हणेल, म्हणून तिकडे फिरकतच नाही.

वर्गात तो रोज दिसतो. तिथे फार काही लागत नाही. सगळ्या विषयांची सबमिशनं एकाच आठवड्यात लावू नयेत. चाचणीचे गुण मोठ्यानं वाचू नयेत. मराठीत शंका आली तर उत्तरही मराठीत द्यावं. थेट पुढे बोलावण्याआधी शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलू द्यावं. एरवी वहीचा कोपरा दुमडत बसणारी मुलगीही मग तोंड उघडते. आणि हजेरी कमी म्हणून डिफॉल्टरच्या यादीत नाव टाकण्याआधी 'काय रे, बरा आहेस ना?' एवढं विचारावं.

तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला पुढचं कॉलेज गाठायचं असतं, हेही खरं. तरी सुरुवात वर्गातूनच व्हावी, असं मला मनापासून वाटतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालतो. तो पहिल्याच तासाला फळ्यावर लिहावा.