एलईडी चिपला वायर जोडायची: साधी 25 वॅट, कंट्रोलवालं स्टेशन की नुसती क्लिप?

गणपती जवळ आले की पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत एलईडी घ्यायला झुंबड उडते. चिप, पट्टी आणि त्यांना वीज पुरवणारा ड्रायव्हर घेऊन घरी आलं की प्रश्न उरतो, वायर लावायची कशाने: 25 वॅटच्या साध्या सोल्डरिंग आयर्नने, तापमान ठरवता येणाऱ्या कंट्रोलवाल्या स्टेशनने, की सोल्डर न करता नुसत्या क्लिपने?

नुसती पट्टीच लावायची असेल तर दाबून बसवायची क्लिप चालते. पट्टी 8 मिमीची आहे की 10 मिमीची ते पाहून घ्या. उष्णतेचा प्रश्नच नाही, मात्र ओढ बसली की संपर्क सैल होतो. सुट्या चिपला क्लिपचा उपयोग नाही.

साधी 25 वॅटची आयर्न माझ्याकडे कित्येक वर्षं आहे. पट्टीच्या पॅडला, म्हणजे वायर जोडायच्या धातूच्या ठिपक्याला, ती आजही पुरते. अडचण येते ती 1 किंवा 3 वॅटच्या चिपला, कारण ती ॲल्युमिनियमच्या स्टारवर, म्हणजे ताऱ्याच्या आकाराच्या छोट्या प्लेटवर, बसलेली असते आणि ॲल्युमिनियम सगळी उष्णता ओढून घेतं. बिट, म्हणजे आयर्नचं तापणारं टोक, टेकवलं की थंड पडतं, सोल्डर (वितळवून जोड देणारा मऊ धातू) लापशीसारखं घट्ट होतं, आपण दाबून धरतो आणि तेवढ्यात चिप भाजून निघते. गेल्या वर्षी मखराच्या माळेत माझ्याकडून हेच झालं. पहिल्या संध्याकाळी माळ छान उजळली. तिसऱ्या दिवशी ऐन आरतीत लुकलुकली आणि विझली. सिरीजमधली, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या चिपांमधली, एक गेली की सगळी माळ जाते. भिंगातून पाहिलं, तर एका चिपचा पिवळा सिलिकॉन कडेने उचलला होता. आत केसाहून बारीक तार असते. ती सुटली की थंड असताना टेकलेली राहते आणि तापल्यावर उघडते, म्हणून लगेच कळतही नाही.

म्हणून सुट्या चिपसाठी मी कंट्रोलवालं स्टेशनच घ्या म्हणेन, महाग असलं तरी. ऐकायला उलटं वाटेल, पण जास्त गरम बिटानेच चिप वाचते, कारण काम चटकन उरकतं. हाताने सोल्डर करायचं तर बऱ्याच डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) 350 अंश आणि 3 सेकंद अशी मर्यादा दिलेली असते. मी 330 ते 350 वर ठेवतो. बिट सुईसारखं नको, चपट्या टोकाचं हवं. टेकणारी जागा मोठी तेवढी उष्णता लवकर उतरते. स्टार लाकडी फळीवर ठेवा, स्टीलच्या ताटात नको.

आयर्न कुठलीही असो, वायरच्या टोकाला आणि पॅडला आधी वेगवेगळी कल्हई करून घ्या, म्हणजे सोल्डरचा पातळ थर द्या. पॅडला थोडा फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा पदार्थ) लावा. मग वायर टेकवून बिट लावलं की दोन्हीकडचं सोल्डर एकजीव होतं, दोन सेकंदांत. जमलं नाही तर बिट उचला, पॅड पूर्ण गार होऊ द्या, मग पुन्हा करा. वायर पातळ, लवचीक घ्या. चिपच्या पिवळ्या भागाला चिमटा लावू नका.

सोल्डर 63/37 (63 टक्के कथील, 37 टक्के शिसं) घ्या, ते 183 अंशांना वितळतं. शिसंविरहित 217 ते 227 अंशांच्या आसपास. 63/37 मध्ये शिसं आहे, तेव्हा जेवायच्या आधी हात साबणाने धुवा. फ्लक्सचा धूर होतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा. बिस्मथवालं 138 अंशांना वितळतं, त्यामुळे मोह होतो. पण ते ठिसूळ असतं, आणि शिशाच्या सोल्डरमध्ये मिसळलं तर काही भाग शंभर अंशांच्या आतच वितळू शकतो. रात्रभर तापणाऱ्या चिपला मी ते लावत नाही.