अप्पा बळवंत चौकातलं मॉलिक्युलर मॉडेल किट: स्फिंगोसिन बनवायला पुरतं का?

माझ्याकडे बीएस्सी-एमएस्सी बायोकेमची पोरं शिकायला येतात, त्यांच्यासाठी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून हे गोळे-काड्यांचं किट आणलं आणि आता भरपूर वापरून झालंय म्हणून सविस्तर लिहितोय. काळे कार्बन, पांढरे हायड्रोजन, लाल ऑक्सिजन, निळे नायट्रोजन, ताठ काड्या आणि डबल बाँडसाठी वाकणारे जोड. ग्लुकोज, अमिनो ॲसिडं एका डब्यात आरामात होतात. खरा कस लागतो तो स्फिंगोसिनला, म्हणजे पेशींच्या आवरणातल्या स्फिंगोलिपिड नावाच्या स्निग्ध पदार्थांचा कणा असलेल्या लांब शेपटीच्या रेणूला.

एका स्फिंगोसिनला 18 कार्बन, 37 हायड्रोजन, 2 ऑक्सिजन, 1 नायट्रोजन लागतात, म्हणजे दोन डबे घ्याच. शेपटीवरचे हायड्रोजन नाही लावले तरी चालतंय पण पहिल्या पाच कार्बनांवर कंजुषी नको, सगळा खेळ तिथेच आहे: 1 नंबरच्या कार्बनवर ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी), 2 वर अमिनो (नायट्रोजनचा गट), 3 वर परत ओएच, आणि 4-5 मध्ये ट्रान्स डबल बाँड, म्हणजे साखळीचे दोन भाग बाँडच्या विरुद्ध बाजूंना. थुडिकम या रसायनशास्त्रज्ञानं मेंदूतल्या या पदार्थाला 1884 मध्ये नाव दिलं आणि पक्कं स्ट्रक्चर हर्बर्ट कार्टर या बायोकेमिस्टच्या गटाकडून यायला 1947 उजाडलं, हे पोरांना मॉडेल हातात असतानाच सांगा, जास्त भिडतं.

मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे शरीरात बनतं त्याच क्रमानं हे जोडता येतं. पामिटिक या फॅटी ॲसिडची 16 कार्बनची साखळी करा, शेजारी 3 कार्बनचं सेरीन हे अमिनो ॲसिड, सेरीनचा कार्बॉक्सिल (सीओओएच गट) उपटून बाजूला ठेवा, तो सीओटू म्हणून गेला, उरलेले दोन 16 ला जोडले की झाले 18. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, कुठून आला विचारलं की वर्ग गप्प, एकदा हातानं केलं की विसरत नाहीत. मग 3 वरचा कीटोन (डबल बाँडनं जोडलेला ऑक्सिजन) रिड्यूस केला, म्हणजे त्याचा ओएच केला, की स्फिंगॅनिन, म्हणजे डबल बाँड नसलेलं स्फिंगोसिन. डबल बाँडची घाई करायची नाही! आधी नायट्रोजनवर फॅटी ॲसिड बसतं, त्यानंतर डीईजीएस1 एन्झाइम तो बाँड घालतं, आणि सुटं स्फिंगोसिन मिळतं ते हे फॅटी ॲसिड लागलेलं रूप, म्हणजे सेरामाइड, तुटल्यावर.

स्फिंगोसिनचं भावंड फायटोस्फिंगोसिन तर जरूर करा, आपल्या त्वचेत आणि आतड्यातही असतं ते. 4-5 चा डबल बाँड नाही, 4 वर आणखी एक ओएच. यात 3 नंबरच्या कार्बनवरचा एकही गोळा हलत नाही तरी त्याचा आर बदलून एस होतो (कार्बनभोवतीच्या गटांची मांडणी सांगणारी ही अक्षरं गटांच्या प्रायॉरिटीवरून ठरतात), कारण शेजारच्या 4 वर आता ऑक्सिजन आलाय आणि प्रायॉरिटीचा क्रम फिरला. कागदावर हे समजावताना माझा घसा कोरडा पडायचा, मॉडेलवर पोरं स्वतःच शोधून काढतात. माणसाच्या त्वचेतलं 6-हायड्रॉक्सी स्फिंगोसिन पण जमतं, 4-5 चा बाँड तसाच ठेवून 6 वर एक लाल गोळा वाढवायचा. आणि 4-5 शिवाय 14-15 मध्येही डबल बाँड, तोही सिस (साखळीचे दोन्ही भाग एकाच बाजूला), असलेलं स्फिंगाडायीन शेजारी ठेवलं की ट्रान्समध्ये शेपटी सरळ राहते आणि सिसमध्ये वाकते हे न सांगता दिसतं.

आता तक्रारी. वाकणारे जोड फारच कमी देतात आणि काही महिन्यांत कडक होऊन निसटायला लागतात. सुट्टे जोड वेगळे मिळत नाहीत, हे कंपनीनं खरंच मनावर घ्यायला हवं. दुसरं, काही डब्यांत निळ्या गोळ्याला तीनच भोकं असतात, अमिनोवर प्लस चार्ज दाखवायचा तर चौथं लागतंच.

पाचपैकी चार देईन. घेताना दुकानातच डबा उघडायला सांगा, निळ्या गोळ्याची भोकं मोजा, जोड वाकवून बघा आणि मगच पैसे द्या.