आंबोलीचे रान की राजापूरचा सडा?
ग्रॅव्हल सायकलसाठी (कच्च्या, खडीच्या वाटांवर चालवायच्या रुंद टायरच्या सायकलीसाठी) सिंधुदुर्गातील आंबोली-चौकुळचे रान आणि राजापूर तालुक्यातील सडे, म्हणजे कातळाची उघडी पठारे, यांत निवड करायची झाल्यास मी सड्यांना झुकते माप देईन. सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या आंबोलीत सावली दाट आहे. मात्र वर्षाला साधारण ७००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या तिथल्या मातीच्या वाटा पावसाळा सरल्यावरही बरेच दिवस निसरड्या राहतात. बारसू, देवाचे गोठणे या गावांकडचा जांभ्याचा कातळ लवकर सुकतो. तो खडबडीत असल्याने टायर किमान ४० मिलिमीटर रुंदीचे असावेत, त्यांत हवा थोडी कमी ठेवावी आणि सड्यावर सावली नसल्याने ऊन चढण्याआधीच निघावे. तेथील कातळशिल्पांवरून चाक मुळीच नेऊ नये, कारण त्या उथळ कोरीव रेषा झिजल्या तर पुन्हा मिळणार नाहीत. रानाचीच ओढ असेल, तर आंबोली डिसेंबरनंतर गाठावी.