चवडा दुखतोय आणि पळणं सोडायचं नाहीये: पॅड, रेडिमेड इनसोल की कस्टम ऑर्थोटिक?

पळणाऱ्या माणसाचा चवडा दुखायला लागला की त्याच्यासमोर साधारण तीन गोष्टी येतात: चिकटवायचं छोटं मेटाटार्सल पॅड (मेटाटार्सल म्हणजे बोटांच्या मागची, चवड्यापर्यंत येणारी लांब हाडं), रेडिमेड इनसोल आणि पायाच्या मापाने बनवलेलं इनसोल, म्हणजे कस्टम ऑर्थोटिक. माझं मत आधीच सांगतो, बहुतेकांनी पॅडपासून सुरुवात करावी आणि कस्टमकडे सगळ्यात शेवटी जावं. महाग आणि मापाचं आहे म्हणजे ते आपोआप जास्त गुणकारी, असं या दुखण्यात तरी नसतं.

पण आधी नेमकं काय दुखतंय ते बघा, कारण इथेच लोक घाई करतात. बोटाने दाबल्यावर एकाच हाडावर एकाच जागी कळ येतेय, पायाच्या वरच्या बाजूला सूज आहे, एका पायावर उडी मारली की सणक जातेय, तर स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतं आणि मग कुठलंच इनसोल नको, पळणं बंद करून डॉक्टर गाठा. सुरुवातीचे २-३ आठवडे हे फ्रॅक्चर एक्सरेत बऱ्याचदा दिसतच नाही, त्यामुळे एक्सरे नॉर्मल आला म्हणून लगेच पळायला जाऊ नका, गरज पडली तर डॉक्टर एमआरआय सांगतील. मधुमेह असेल आणि पाय बधिर वाटत असतील तरी घरच्या घरी प्रयोग नकोत. तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मध्ये जळजळ, मुंग्या, बुटात खडा अडकल्यासारखं वाटणं, हे बहुतेक वेळा नस दाबली जाण्याचं लक्षण, त्याला मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात. आणि दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मागे, मेटाटार्सल हाडाच्या डोक्याखाली (बोटाकडच्या गोल टोकाखाली) ठणका, तिथे घट्टा पडलाय, लांब रनला वाढतं आणि आराम केला की कमी होतं, हे नेहमीचं मेटाटार्सल्जिया. पुढची तुलना मुख्यतः या शेवटच्या दोघांसाठी.

मेटाटार्सल पॅड. सगळ्यात स्वस्त, आणि सगळ्यात जास्त चुकीच्या जागी लावलं जाणारं. दुखतं तिथे खाली गादी ठेवायची असं वाटतं ना, तसं नाही, पॅड दुखऱ्या जागेच्या मागे, टाचेच्या बाजूला बसतं. ते हाडांच्या दांड्यांना मागून उचलतं म्हणून डोक्यांवरचा भार कमी होतो, हाडं थोडी फाकतात आणि मधल्या नसेलाही जागा मिळते. जागा शोधायची सोपी पद्धत म्हणजे बुटातलं इनसोल बाहेर काढा, तळव्यावर जिथे सगळ्यात जास्त दुखतं तिथे लिपस्टिकचा ठिपका लावा, इनसोल परत बुटात घालून अनवाणी पाय आत घाला, उभे राहा, दोन पावलं चाला. इनसोलवर डाग उमटेल, पॅडची पुढची कड त्या डागाच्या साधारण अर्धा ते एक सेंटीमीटर मागे आली पाहिजे. आधी कच्चं चिकटवा, घरात चाला, अर्धा सेंटीमीटर पुढे-मागे करून बघा, एवढ्याशा फरकाने दुखणं कमी-जास्त होतं. पहिले काही दिवस तळव्याखाली गोळा जाणवतो, ते चालेल, पण दुखणं वाढलं तर जागा चुकलीय. फेल्टचं पॅड कात्रीने हवं तसं कापता येतं पण दबून चपटं होतं, मग बदलावं लागतं.

रेडिमेड इनसोल. कमानीला आधार देऊन हे भार थोडा मागे घेतं, पाय आत झुकणाऱ्यांना बरं वाटतं. पण काहींमध्ये मेटाटार्सलचा उंचवटा आधीच बसवलेला असतो आणि तो तुमच्या हाडांच्या मागेच येईल याची खात्री नाही, कारण बुटाचा नंबर सारखा असला तरी हाडांची लांबी प्रत्येकाची वेगळी. मला त्यापेक्षा सपाट, उंचवटा नसलेलं इनसोल आणि त्यावर आपल्या जागी लावलेलं पॅड ही जोडी जास्त पटते. नुसत्या मऊ जेलच्या गाद्या घालायला छान वाटतात, पण त्या भार मागे हलवत नाहीत. आणि बुटातलं मूळ इनसोल काढल्याशिवाय नवीन घालू नका, नाहीतर पाय वर उचलला जातो, बोटं वरून आणि बाजूने आवळली जातात, न्यूरोमावाल्यांचं तर आणखीच वाढतं.

कस्टम ऑर्थोटिक. दुसऱ्या बोटाचं हाड खूप लांब, कमान खूप उंच आणि कडक, पायाचं जुनं ऑपरेशन, अंगठ्याचा सांधा वाकत नाही, असं काही असेल तर इथे पैसे घालायला अर्थ आहे. किंवा पॅडने स्पष्ट फरक पडलाय पण ते सारखं सरकतंय, तर तीच जागा कायमची बसवून घ्या. माप द्यायला जाताना पळायचे बूट आणि पॅड लावलेलं इनसोल दोन्ही घेऊन जा, आणि बनवल्यावर घासून-बदलून देणार का ते आधीच विचारा, कारण पहिल्या फटक्यात अगदी बरोबर बसेलच असं नाही.

तिन्हींपैकी काहीही घ्या, बूट पुढून अरुंद असेल तर पैसे वाया. बोटांना हलायला जागा हवी, बोटांकडच्या सगळ्यात खालच्या भोकांतून लेस न घालताही थोडी जागा मिळते. पुढून वर वळलेला रॉकर सोल चवड्यावरचा ताण कमी करतो, उलट कमी ड्रॉपच्या (टाच आणि चवडा यांच्या उंचीत कमी फरक असलेल्या) किंवा पातळ बुटांकडे एकदम वळलं की ताण वाढतो. पोटऱ्या ताठ असतील तर टाच लवकर उचलली जाते आणि भार परत चवड्यावरच येतो, म्हणून पोटरीचं स्ट्रेचिंग रोज.

नवीन आधार पहिल्या दिवशी तास-दोन तास फक्त चालायला वापरा, रोज थोडं वाढवा, दिवसभर त्रास झाला नाही की मग छोटा सोपा रन. स्पीडवर्क आणि चढ सगळ्यात शेवटी, कारण तिथे चवड्यावर जोर जास्त येतो. रनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर पहिली पावलं कशी पडतात ते बघा, आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत असेल तर अंतर कमी करा, आणि काही आठवडे हे सगळं करूनही फरक नसेल तर चौथं इनसोल विकत घेऊ नका, पाय तपासून घ्या.