लाइट, केमो आणि वर इम्युनोथेरपी: लघवीची पिशवी वाचवणाऱ्या उपचाराचं परीक्षण

कॅन्सर लघवीच्या पिशवीच्या स्नायूत शिरला की बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला मिळतो तो अख्खी पिशवी काढण्याचा. मग पोटावर बाहेरची पिशवी लावा, नाहीतर आतड्याच्या तुकड्याची नवी पिशवी आत शिवून घ्या. पिशवी वाचवायची तर रस्ता वेगळा आहे. दुर्बिणीतून गाठ निघेल तितकी खरवडून काढायची आणि मग रेडिएशन (बोलीभाषेत ‘लाइट’) व केमो बरोबरीने द्यायची. आता काही ठिकाणी त्यावर चौथा पदर चढवला जातो तो इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध कामाला लावणाऱ्या औषधांचा. आमचं मत आधीच सांगून टाकतो: पहिल्या तीन पदरांना पूर्ण पसंती. चौथा पदर रीतसर क्लिनिकल चाचणीतून, म्हणजे पेशंटवर उपचार तपासून पाहणाऱ्या अभ्यासातून, मिळत असेल तर जरूर घ्या, स्वतःच्या खिशातून नको.

तीन पदरांच्या मागे भक्कम पुरावा आहे. ब्रिटनमधल्या बीसी२००१ या ३६० पेशंटच्या चाचणीचा निकाल २०१२ साली आला. नुसतं रेडिएशन घेतलेल्यांपैकी ५४ टक्के जणांत दोन वर्षांनंतरही पिशवीत आणि आसपास रोग उलटला नव्हता. सोबत ५-एफयू आणि मायटोमायसिन दिल्यावर हे प्रमाण ६७ टक्क्यांवर गेलं, आणि ही दोन्ही औषधं जुनी, स्वस्त आहेत. २०२३ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या ७२२ पेशंटची तुलना छापून आली. पिशवी काढलेले आणि वाचवलेले, दोन्ही गटांत पाच वर्षांनी रोग इतरत्र न पसरलेल्यांचं प्रमाण ७५ टक्क्यांच्या आसपास होतं. पिशवी वाचवलेल्यांपैकी १३ टक्क्यांना पुढे ती काढावीच लागली. मात्र हे पेशंट निवडलेले होते: गाठ एकच, सात सेंटिमीटरहून लहान, किडनीला सूज नाही किंवा असली तर एकाच किडनीला, अस्तरात रोग दूरवर पसरलेला नाही. कुणाला कोणता उपचार हे चिठ्ठ्या टाकून ठरवून केलेली ही तुलना नव्हती, हेही ध्यानात असू द्या.

त्यामुळे या उपचाराचं यश पहिल्या खरवडण्यातच बरंचसं ठरतं. बायोप्सीच्या रिपोर्टात स्नायूचा तुकडा आला आहे का, ते आधी वाचा. तो नसेल तर रोग किती खोल गेलाय ते कळलेलंच नाही, मग पुन्हा दुर्बीण टाकावी लागते. पिशवी आधीच आकसलेली, रात्री सात-आठ वेळा उठावं लागतंय, अशा पेशंटची पिशवी वाचवून फारसं काही साधत नाही.

खरी परीक्षा होते ती रेडिएशनच्या खोलीत. ठरलेले डोस दोन: चार आठवड्यांत २० वेळा मिळून ५५ ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचं माप), किंवा साडेसहा आठवड्यांत ३२ वेळा मिळून ६४ ग्रे. लांबून येणाऱ्याला २० वेळांचा कोर्स सोयीचा, आणि तो कमी प्रतीचा मुळीच नाही. प्लॅनिंगचा सीटी पिशवी रिकामी ठेवून काढला असेल, तर रोज लाइट घेतानाही ती तशीच रिकामी हवी. घोळ नेमका इथे होतो. पेशंट लघवी करून येतो, मशीन अडकतं, बाहेर बाकड्यावर पाऊण तास जातो, कुणीतरी चहा देतं, आणि टेबलावर झोपेपर्यंत पिशवी पुन्हा भरते. भरलेली पिशवी वर सरकते, आणि गाठ पिशवीच्या माथ्यावर असेल तर नेमका तोच भाग किरणांच्या बाहेर पडतो. म्हणून नंबर लागल्यावर पुन्हा एकदा लघवीला जाऊन यायचं, टेक्निशियन सांगो वा न सांगो. रेक्टममध्ये (गुदाशयात) गॅस किंवा शौच साठलेलं असेल तरी पिशवी पुढे ढकलली जाते, तेव्हा बद्धकोष्ठ ठेवू नये. केंद्र निवडताना एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा: रोज लाइट देण्याआधी मशीनवरच कोन-बीम सीटी (टेबलावर झोपल्या जागी काढायचा स्कॅन) काढून पिशवी पाहता का? हाडांवरून नेम धरणारं केंद्र पिशवीसाठी पुरेसं नाही.

केमोत तीन पर्याय चालतात. दर आठवड्याला सिस्प्लॅटिन, पण त्यासाठी किडनी आणि कान दोन्ही ठीक हवेत. किडनी कच्ची असेल तर मायटोमायसिन पहिल्या दिवशी एकदा, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १२ मिलिग्रॅम, आणि ५-एफयू पहिल्या व चौथ्या आठवड्यात पाच-पाच दिवस सलग पंपातून. तिसरा पर्याय आठवड्यातून दोनदा जेमसिटाबिन, दर चौरस मीटरला अवघी २७ मिलिग्रॅम. हा आकडा कागदावर तपासून घ्या. हेच औषध एरवी १००० मिलिग्रॅमच्या मात्रेत देतात, आणि ती मात्रा लाइटच्या जोडीला पडली तर आतडी आणि पिशवी दोन्ही होरपळतात.

आता चौथा पदर. आधी एक गोंधळ मिटवू. पिशवीत नळीने सोडतात ती बीसीजीसुद्धा इम्युनोथेरपीच आहे, १९७६ पासून वापरात आहे, पण ती वरवरच्या रोगासाठी. इथे विषय आहे शिरेतून देण्याच्या पेम्ब्रोलिझुमॅब, अटेझोलिझुमॅब यांसारख्या औषधांचा. ही औषधं प्रतिकारशक्तीवरचा ब्रेक सोडवतात. रेडिएशनने मेलेल्या पेशींचे अवशेष शरीराला कॅन्सर ओळखायला मदत करतील, असा यामागचा तर्क. अमेरिकेत ५४ जणांच्या एका चाचणीत दुर्बिणीच्या ऑपरेशनआधी पेम्ब्रोलिझुमॅब २०० मिलिग्रॅम एकदा, मग २० वेळांत ५२ ग्रे, सोबत वर सांगितलेलं जेमसिटाबिन आणि दर तीन आठवड्यांनी पेम्ब्रोलिझुमॅब असा क्रम होता, आणि तो पेशंटना बऱ्यापैकी झेपला. कॅनडातल्या एका छोट्या चाचणीत मात्र अटेझोलिझुमॅबच्या जोडीने लाइट देताना आतड्याचा त्रास इतका झाला की ती मध्येच आवरती घ्यावी लागली. म्हणजे कुठलं औषध, किती ग्रे, केमो कोणती, यावर सगळं पालटतं, आणि ‘आम्ही इम्युनोथेरपी जोडतो’ एवढ्या माहितीवर होकार देऊ नये.

विक्रीच्या बोलण्यात हमखास पुढे येतो तो २०२४ चा डुरव्हालुमॅब या तशाच इम्युनोथेरपीच्या औषधाचा निकाल. तो खराच चांगला आहे: दोन वर्षांनी हयात ८२ टक्के, नुसत्या केमोच्या गटात ७५. पण त्या चाचणीत सगळ्यांची पिशवी काढण्याचं ठरलेलं होतं आणि रेडिएशन नव्हतंच. तो पुरावा उचलून लाइटच्या पॅकेजला चिकटवणं बरोबर नाही.

त्रासाचं निदान हा या जोडणीचा सर्वांत अवघड भाग. लाइटचे जुलाब साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतात आणि कोर्स संपल्यावर काही आठवड्यांत ओसरतात. त्यांना लोपरामाइड (जुलाब थांबवणारी गोळी) आणि ताक-भात पुरतो. इम्युनोथेरपीचा कोलायटिस (मोठ्या आतड्याची सूज) केव्हाही उद्भवतो, शेवटच्या सलाईननंतर काही महिन्यांनीसुद्धा. त्याला स्टेरॉइड लागतं, वजनाच्या दर किलोला १ ते २ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, आणि ते चार ते सहा आठवड्यांत हळूहळू उतरवायचं. लाइटचाच त्रास समजून नुसत्या लोपरामाइडवर दिवस काढले तर आतड्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. दिवसातून नेहमीपेक्षा चार वेळा जास्त शौचाला जावं लागलं, किंवा रक्त पडलं, तर त्याच दिवशी फोन करायचा. सुरुवातीआधी टीएसएच (थायरॉइडची तपासणी), लिव्हरच्या चाचण्या, साखर, हिपॅटायटिस बी आणि छातीचा फोटो हवाच. आपल्याकडे टीबी दबा धरून असतो, आणि स्टेरॉइड चालू झालं की तो उसळतो. संधिवात किंवा सोरायसिसची जुनी औषधं चालू असतील, किडनी बदललेली असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा.

खर्चात मोठा वाटा याच पदराचा असतो. पेम्ब्रोलिझुमॅबची बाटली १०० मिलिग्रॅमची, म्हणजे प्रत्येक वेळी दोन बाटल्या, आणि कोर्स कित्येक महिने चालतो. रेडिएशन आणि केमो महात्मा फुले योजनेत बसतात का ते हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राकडे विचारा. चाचणीत नाव घालणार असाल तर तिची सीटीआरआयवरची (भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतली) नोंद मागा, आणि औषध फुकट आहे हे संमतीपत्रात लिहिलेलं आहे ना, ते पाहा.

कोर्स संपला की लोक दुर्बीण चुकवू लागतात, कारण लघवी साफ होते, रक्त थांबतं. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी दुर्बीण आणि लघवीची सायटॉलॉजी (लघवीतल्या पेशींची तपासणी) ठरलेली. रोग वरवर परतला तर खरवडून बीसीजी देता येते. पुन्हा स्नायूत दिसला तर पिशवी काढावी लागते, आणि लाइट घेतलेल्या भागावर ते ऑपरेशन अवघड असतं, जखम उशिरा भरते. म्हणून त्या ऑपरेशनचा सर्जन सुरुवातीपासूनच टीममध्ये असायला हवा.