महालातल्या बाइंडर काकांकडे आय.टी.आर.चे २४ खंड बांधून घेतले

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात आयकराची प्रकरणं चालवणाऱ्या एका ज्येष्ठ वकिलांकडे मी संशोधन सहायक म्हणून काम करते. निवाडे शोधायचे, ते पुढे कुठे फिरवले गेले का ते बघायचं आणि कोर्ट बसायच्या आत सरांच्या हातात टिपण द्यायचं. शोध बहुतेक कॉम्प्युटरवरच होतो. तरी धरमपेठेतल्या आमच्या ऑफिसची एक आख्खी भिंत इन्कम टॅक्स रिपोर्ट्स (आय.टी.आर.) या आयकराच्या निवाड्यांच्या मालिकेच्या खंडांनी भरलेली आहे. ही मालिका १९३३ पासून निघते. आमच्याकडचे जुने खंड सरांच्या वडिलांचे. तेही इथेच वकिली करत.

गेल्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली. २५ ते ४८ या खंडांचे पाठपुठ्ठे सुटले, दोघातिघांना वाळवीही लागली. तेवढ्यात नवा आयकर कायदा आला, तेव्हा जो तो म्हणायला लागला, आता १९६१ चा कायदाच गेला, हे सगळं रद्दीत काढा. मला ते अजिबात पटलं नाही. २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू, पण त्याच्याच शेवटच्या, ५३६ व्या कलमात जुन्या वर्षांची प्रकरणं जुन्या कायद्यानेच चालतील अशी तजवीज आहे. जुन्या कायद्याच्या कलम २६० अ खालची, म्हणजे उच्च न्यायालयातली अपिलं किती वर्षं पडून असतात ते आमच्या कपाटातल्या फायली बघितल्या की कळतं. आणि काही निवाडे कायदा बदलला म्हणून जुने होत नाहीत. २६ व्या खंडात पान ७७५ वर धाकेश्वरी कॉटन मिल्सचा १९५४ चा निवाडा आहे: नुसत्या अंदाजावर आणि संशयावर कर बसवता येत नाही. हा आधार मी अजूनही दर दोन-तीन महिन्यांनी टिपणात लिहिते.

म्हणून खंड बांधून घ्यायचे ठरले. पण मला धास्ती होती. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी आम्ही सात खंड दिले होते. त्यांनी कडा सरळ दिसाव्यात म्हणून तिन्ही बाजूंनी कापल्या आणि पाठीकडून तारा ठोकल्या. पुस्तक उघडेना, आतल्या बाजूचे शब्द शिवणीत गेले. त्याहून वाईट म्हणजे समासात सरांच्या वडिलांनी पेन्सिलीने लिहिलेल्या टिपा कापल्या गेल्या. अर्धे शब्द उरले. सर काही बोलले नाहीत. मी ते खंड हातात घेते तेव्हा मला आजही वाईट वाटतं, कारण ते द्यायला मीच गेले होते.

आता ज्यांना काम दिलं त्या बाइंडर काकांचं दुकान नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकातून चितार ओळीकडे जाताना एका बोळात आहे. पाटी नाही. बाहेर पुठ्ठ्यांची चळत दिसली की तेच. मी आधी एकच खंड नेला, ३२ वा. काकांनी तो उघडला, पाठीवरून बोट फिरवलं, मग एकेक पान उलटत गेले. पाच-सात मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, बाजूनं पेन्सिलनं लिहून हाय. कटिंग नाही करत मी याचं. कडा खालीवर दिसतील, चालते ना?"

उरलेले तेवीस खंड मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिले.

त्यांचं काम जुजबंदीचं आहे. जुनी शिवण उसवून फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, वेगळे करतात, सुटलेली पानं पातळ कागदाच्या पट्टीने जोडतात आणि फर्म्याला फर्मा दोऱ्याने शिवतात. खळ घरीच शिजवतात, मैद्याची, त्यात मोरचूद घालून. मोरचूद असला की कीड धरत नाही. शिवून झालं की खंड शिकंज्यात दाबून दोन दिवस राहतो. वर गडद तांबडं रेक्झिन, पाठीला आतून कापडाची पट्टी. माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट अशी की बांधलेला खंड टेबलावर उघडा ठेवला तर उघडाच राहतो. एका हाताने पुस्तक दाबून दुसऱ्याने टिपण काढण्यात किती वेळ जातो, ते हे काम करणाऱ्यालाच माहीत. वाळवीने खाल्लेल्या पानांचं काही होणार नाही हे त्यांनी आधीच सांगितलं. तिथे कोरा कागद जोडून दिला, म्हणजे त्या पानांच्या प्रती आम्हाला नंतर चिकटवता येतील.

३२ वा खंड मी आधी का नेला तेही सांगते. त्यात पान ४६६ वर राजा बिनय कुमार साहस रॉय यांच्या प्रकरणाचा सर्वोच्च न्यायालयाचा १९५७ चा निवाडा आहे. शेतीचं उत्पन्न कशाला म्हणायचं, हा त्यातला प्रश्न. नांगरणी, पेरणी, लावणी या जमिनीवरच्या मूळ क्रिया झालेल्या असल्या पाहिजेत. आपोआप उगवलेल्या झाडांची नुसती निगा राखली तर ते पुरत नाही. जंगल, बांबू, संत्र्याच्या बागा असलेल्या विदर्भात हा निवाडा लागतच राहतो. तो कॉम्प्युटरवर अर्ध्या मिनिटात मिळतो. पण आमच्या प्रतीत त्या परिच्छेदाशेजारी पेन्सिलीने लिहिलंय: "संत्र्याचं झाड एकदाच लावतात. पुढची सगळी वर्षं निगाच." यंदा एका बागेच्या प्रकरणात मी टिपणाची सुरुवात त्याच मुद्द्यावरून केली. लावणी एकदा झाली की नंतरची निगा तिलाच जोडून बघायची, असा युक्तिवाद उभा राहिला. ती ओळ मला दुसरीकडे कुठेही सापडली नसती.

आता तक्रारी. काकांनी बारा दिवस सांगितले आणि एकवीस लागले. मध्ये दोनदा चकरा झाल्या. फोन उचलत नाहीत. हात खळीत असतात, ते मी पाहिलं, पण आदल्या दिवशी निरोप तरी मिळायला हवा. सुनावणीच्या तोंडावर लागणारा खंड तिथे मुळीच देऊ नका. शिवाय पाठीवरच्या सोनेरी आकड्यांत चूक झाली, ४१ च्या जागी ४७ पडलं. एकाच आकड्याचे दोन खंड कपाटात लागले असते तर मी कोर्टात भलताच खंड पाठवला असता. दाखवल्यावर त्यांनी पैसे न घेता पाठ बदलून दिली, पण त्यात आणखी चार दिवस गेले. आकडे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येक खंडात ठेवा आणि घेताना एकेक तपासा.

खर्च एका खंडाला ४५० रुपये, म्हणजे चोवीस खंडांचे १०,८०० झाले. ४,००० आगाऊ दिले होते. तारेचं बाइंडिंग यापेक्षा बरंच स्वस्त पडतं. हजारभर पानांच्या खंडाला ते करू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. गाडी बोळात जात नाही, चौकातच लावावी लागते. चोवीस खंड उचलायला सोबत कुणीतरी न्या. मी आमच्या ऑफिसच्या दादांना नेलं होतं.

परवा सरांनी ३२ वा खंड मागितला. पान ४६६ काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ समासच वाचत होते. मग मला विचारलं, ते कापलेले सात खंडही काकांकडे नेता येतील का. गेलेली अक्षरं परत येणार नाहीत, पण तारा काढून शिवले तर आत गेलेले शब्द तरी दिसतील, असं काका म्हणालेत. सोमवारी नेणार आहे.